डॉक्टरकीचं शिक्षण सोडून ती चाळीत राहायला गेली अन् परक्या मुलखातल्या लोकांच्या दारात नर्स पोहोचली

परदेशात नवीन गेलेल्या माणसाला कशाची भीती वाटते? नोकरी मिळते, खोली मिळते, वरण-भाताचं सामानही मिळतं. पण रात्री दोन वाजता पोरगं तापानं फणफणलं तर कुठं जायचं, किती पैसे लागतील, डॉक्टरला कोणत्या भाषेत सांगायचं, हे कुणी समजावून सांगत नाही. अमेरिकेत लेकाकडे जाणारे आपले आईबाबा अर्धी बॅग गोळ्यांनी भरून नेतात ते याच धास्तीपायी.

ही धास्ती आजची नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये लाखो लोक तिच्यासोबत जगत होते. त्यांच्यासाठी वाट काढली ती पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या एका नर्सनं. तिचं नाव लिलियन वॉल्ड.

तर झालं असं की, १८९३ चा मार्च महिना होता. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साईड भागात लिलियन बाहेरून आलेल्या बायकांचा वर्ग घेत होती. विषय होता घरच्या घरी आजाऱ्याची सेवा कशी करायची. त्या दिवशी आजारी माणसाचं अंथरूण कसं घालायचं ते ती शिकवत होती. तेवढ्यात एक लहान मुलगी वर्गात आली. आई आजारी आहे, चला, एवढंच तिचं म्हणणं होतं.

लिलियननं चादरी उचलल्या आणि ती मुलीच्या मागे निघाली. चिखलातून, कचऱ्याच्या ढिगांमधून वाट काढत दोघी लुडलो स्ट्रीटवरच्या एका चाळीत पोहोचल्या. दोन खोल्या, त्यात सात जणांचं कुटुंब आणि वर पोटभाडेकरू. बाप अपंग, कमाई जवळपास नाही. आणि आतल्या खोलीत मुलीची आई, ओली बाळंतीण, दोन दिवसांपूर्वी झालेल्या रक्तस्रावानं माखलेल्या अंथरुणावर तशीच पडलेली.

लिलियननं तिला स्वच्छ केलं, अंथरूण बदललं, बाळाला अंघोळ घातली, खोली झाडली. निघताना त्या घरातल्या माणसांनी तिचे हात चुंबले. तिला त्याचं कौतुक वाटलं नाही, लाज वाटली. ज्या शहरात आपण राहतो त्याच शहरात काही मिनिटांच्या अंतरावर एक बाई अशी पडून राहते आणि आपल्याला पत्ताही नसतो, हे तिला सहन झालं नाही.

त्या वेळी लिलियन डॉक्टर होण्यासाठी न्यूयॉर्कच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होती. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या ते कॉलेज फिलाडेल्फियाचं, हे दुसरं. बायकांनी डॉक्टर होणं हीच तेव्हा केवढी मोठी गोष्ट होती ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. लिलियननं ते शिक्षण तिथंच सोडलं.

आता ही बाई होती कोण?

१० मार्च १८६७ रोजी ओहायोतल्या सिनसिनाटी शहरात तिचा जन्म झाला. घर ज्यू, मूळ जर्मनीकडचं, खाऊनपिऊन सुखी. वडील चष्म्याच्या आणि दुर्बिणीच्या सामानाचा व्यापार करायचे. पुढं कुटुंब रॉचेस्टरला आलं आणि ती तिथंच वाढली. सोळाव्या वर्षी तिनं व्हॅसर या नामांकित कॉलेजात अर्ज केला, पण वय कमी म्हणून तो नाकारला गेला. मग बहिणीच्या आजारपणात घरी आलेल्या नर्सचं काम तिनं जवळून पाहिलं आणि हेच करायचं ठरवलं. १८९१ मध्ये ती न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमधून बाहेर पडली. काही काळ अनाथ मुलांच्या संस्थेत नोकरी केली, तिथली दशा बघून वैतागली आणि डॉक्टरकीकडे वळली. त्यानंतर लुडलो स्ट्रीट घडलं.

इथं एक साधा प्रश्न पडतो. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा रुग्णालयं होती, धर्मादाय दवाखाने होते. मग ही बाळंतीण दोन दिवस घरात का पडून राहिली?

पैसे नव्हते हे उघड आहे, पण तेवढंच कारण नव्हतं. ही माणसं अमेरिकेत कशी आली ते बघा. रशियात १८८१ नंतर ज्यूंवर हल्ले सुरू झाले आणि तिकडून लोंढेच्या लोंढे निघाले. दक्षिण इटलीतून गरिबीनं पिचलेले शेतकरी आले. १ जानेवारी १८९२ पासून न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस आयलंड हे तपासणीचं ठाणं सुरू झालं. जहाजाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्गातल्या प्रवाशांची तपासणी जहाजावरच आटोपायची. खालच्या वर्गातल्या गरिबांना मात्र बेटावर रांगेत उभं केलं जायचं. डॉक्टर एका माणसाकडे जेमतेम काही सेकंद बघायचा. शंका आली की कोटावर खडूनं अक्षर लिहायचा. हृदयाला एक अक्षर, लंगडेपणाला दुसरं, डोळ्यांना तिसरं. पुढं तर बुटाची बटणं लावायच्या आकड्यानं पापणी उलटी करून डोळ्यात खुपऱ्या आहेत का ते बघू लागले. खुपऱ्या निघाल्या की परतीचं जहाज. मग एकाच कुटुंबातली लेकरं आत आणि आई परत, असंही व्हायचं.

म्हणजे अमेरिकेत पाय ठेवल्यावर या लोकांना भेटलेला पहिला डॉक्टर औषध द्यायला उभाच नव्हता. तो माघारी पाठवायला उभा होता.

त्यात कायद्याची मेख होती. १८८२ च्या कायद्यानं ठरवलं होतं की जो माणूस सरकारवर ओझं होईल असं वाटतं त्याला देशात घ्यायचं नाही. १८९१ च्या कायद्यानं पुढची पायरी गाठली. आल्यापासून एका वर्षात कुणी सरकारी मदतीवर जगायला लागला आणि त्याचं कारण येण्याआधीचं असेल, तर त्याला परत धाडता येईल. अशा माणसाच्या डोक्यात फुकट उपचार म्हटल्यावर काय विचार येणार? आजार लपवलेला बरा.

शिवाय शहरात राहून एक वर्षही न झालेल्या माणसाला रुग्णालयं दारात उभी करत नसत. याच कारणानं लोअर ईस्ट साईडमधल्या ४० ज्यू माणसांनी प्रत्येकी २५ सेंट काढून स्वतःचा दवाखाना काढायचं ठरवलं आणि १८९० मध्ये बेथ इस्रायल रुग्णालय उभं राहिलं. ज्यांच्याकडे स्वतःला पुरेसं नव्हतं त्यांनी चार-चार आणे काढण्यासारखंच हे.

आपल्याकडेही मुंबईत प्लेग आला तेव्हा लोक आजारी माणूस घरात लपवायचे, आणि १८९६ मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली होती. सरकारी गाडीतून गेलेला माणूस परत येत नाही, अशी ती भीती होती. न्यूयॉर्कचे लोक वेगळे, देश वेगळा, पण भीतीची जात तीच.

लिलियनच्या ध्यानात हे आलं. दवाखाना कितीही चांगला बांधला तरी ही माणसं तिथवर येणार नाहीत. म्हणून तिनं उलटं केलं. रोगी नर्सकडे येत नसेल तर नर्सनं रोग्याकडे जायचं. आणि अधूनमधून येऊन उपकार करून जायचं नाही, तर त्यांच्यातच राहायला जायचं.

तिची नर्सिंगची मैत्रीण मेरी ब्रूस्टर सोबतीला आली. दोघी आधी रिव्हिंग्टन स्ट्रीटवर राहिल्या आणि मग जेफरसन स्ट्रीटवरच्या एका चाळीत अगदी वरच्या मजल्यावर खोली घेऊन राहायला लागल्या. लिफ्ट वगैरे अर्थातच नाही. १८९३ हे साल अमेरिकेत मंदीचं होतं. बँका बुडत होत्या, कारखाने बंद पडत होते आणि शिवणकामावर जगणाऱ्या या वस्तीत चुली थंडावल्या होत्या. दोघींच्या दाराशी सकाळपासून माणसं यायला लागली.

पैशाची बाजू सांभाळली जेकब शिफ या बँकरनं. हा गडी जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये जन्मलेला, म्हणजे स्वतःही बाहेरून आलेला. लिलियन त्याला नियमित पत्रं लिहून हिशेब द्यायची. कुठल्या घरी काय आजार होता, काय केलं, कशाची गरज पडली, सगळं. १८९५ मध्ये शिफनं २६५, हेन्री स्ट्रीट हे विटांचं जुनं घर घेऊन दिलं. तिथूनच हेन्री स्ट्रीट सेटलमेंट हे नाव पडलं. सेटलमेंट म्हणजे शिकलेल्या, बऱ्या परिस्थितीतल्या लोकांनी गरीब वस्तीत येऊन राहायचं आणि शेजारी म्हणून काम करायचं, अशी त्या काळातली पद्धत. मेरीची तब्येत साथ देईना, म्हणून तिला काही वर्षांत काम सोडावं लागलं. लिलियन तिथंच राहिली, पुढची जवळपास चाळीस वर्षं.

आता या कामाची रचना बघा, कारण सगळी गंमत तिथंच आहे.

पहिली गोष्ट, नर्सला बोलावायला डॉक्टरची चिठ्ठी लागायची नाही. त्याआधीही गरिबांच्या घरी जाणाऱ्या नर्स होत्या, पण त्या चर्चच्या, धर्मादाय मंडळाच्या किंवा डॉक्टरच्या हुकमानं जायच्या. हेन्री स्ट्रीटच्या नर्सला घरातलं कुणीही बोलावू शकत होतं. आई, शेजारीण, शाळेत थोडं इंग्रजी शिकलेलं पोर, कुणीही. स्थलांतरितांच्या घरात नवी भाषा सगळ्यात आधी पोरांच्या तोंडी बसते, त्यामुळं निरोप्या आणि दुभाषी ही दोन्ही कामं बहुतेक वेळा त्यांच्याकडेच यायची.

दुसरी गोष्ट पैशाची. ज्यांना जमेल त्यांनी एका भेटीचे १० ते २५ सेंट द्यायचे, ज्यांना नाही जमणार त्यांनी काही द्यायचं नाही. १० सेंटनं संस्थेचा खर्च भागणार नव्हता हे लिलियनला कळत होतं. पण पैसे मोजले की ती भीक राहत नाही. माणूस नर्सला हक्कानं बोलावतो, आवडलं नाही तर नकोही म्हणतो. आणि सरकारवर ओझं झाल्याचा ठपकाही लागत नाही. मला विचाराल तर तिच्या सगळ्या कामातली ही सगळ्यात हुशार चाल होती.

तिसरी गोष्ट, धर्म मधे आणायचा नाही. लोअर ईस्ट साईडच्या ज्यूंना मिशनऱ्यांचा धसका होता. दूध देतील आणि पोरं बाटवतील, अशी शंका. हेन्री स्ट्रीटची नर्स कुठलंही पत्रक वाटत नव्हती.

नर्स घरी जाऊन करायची काय? ताप उतरवायला अंग पुसून घ्यायची. जखम धुवून पट्टी बांधायची. घटसर्प झालेल्या पोराला बाकीच्या भावंडांपासून वेगळं कसं ठेवायचं ते त्याच दोन खोल्यांत आईला दाखवायची. क्षय झालेल्यानं थुंकी कुठं टाकायची ते सांगायची. उन्हाळ्यात जुलाबांनी तान्ही मुलं पटापट जायची, त्यांच्या आयांना दूध उकळायला शिकवायची. गरज असेल तर डॉक्टर गाठून द्यायची, रुग्णालयात जायची वेळ आली तर काय होणार ते घरच्यांना समजावायची. यातलं बरंचसं आज साधं वाटतं. पण प्रतिजैविकं अजून यायची होती आणि तेव्हा चांगली शुश्रूषा हाच मोठा उपचार होता.

त्या काळातला एक फोटो प्रसिद्ध आहे. लांब झग्यातली नर्स हातात बॅग घेऊन एका चाळीच्या गच्चीवरून दुसऱ्या चाळीच्या गच्चीवर जाते आहे. पाच मजले उतरायचे आणि शेजारच्या इमारतीचे पाच मजले चढायचे, त्यापेक्षा गच्चीवरून पलीकडे गेलेलं परवडायचं.

अशा नर्ससाठी नावही लिलियननंच रूढ केलं, पब्लिक हेल्थ नर्स. १९१३ पर्यंत हेन्री स्ट्रीटकडे ९२ नर्स होत्या आणि वर्षाला सुमारे २ लाख घरभेटी होत होत्या.

शाळेचा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. न्यूयॉर्कच्या शाळांत मुलांना तपासायला डॉक्टर येऊ लागले होते. डोक्यात उवा, अंगावर नायटा, डोळ्यात खुपऱ्या दिसल्या की मुलाच्या हातात चिठ्ठी देऊन घरी पाठवायचे. चिठ्ठी इंग्रजीत. आईला वाचता येत नाही, वाचली तरी करायचं काय ते माहीत नाही. मग ते पोर दिवसभर रस्त्यावर हुंदडायचं आणि शाळा सुटली की त्याच वर्गमित्रांसोबत खेळायचं. रोग पसरायचा तो पसरायचाच, वर शिक्षण बुडालं.

ऑक्टोबर १९०२ मध्ये लिलियननं शहराच्या अधिकाऱ्यांना सांगितलं, एक नर्स महिनाभर देते, बघा काय होतं. नर्सचं नाव लीना रॉजर्स. ती कॅनडाहून आलेली. चार शाळा आणि सुमारे १० हजार मुलं तिच्या वाट्याला आली. ती शाळेतच औषध लावायची, आणि संध्याकाळी मुलांच्या घरी जाऊन आईला करून दाखवायची. महिना संपायच्या आत शहरानं स्वतःच्या पैशानं आणखी नर्स नेमायचं ठरवलं. सप्टेंबर १९०२ मध्ये आजारामुळं शाळेबाहेर काढलेली मुलं होती १० हजारांच्या वर. वर्षभरानं, सप्टेंबर १९०३ मध्ये तो आकडा अकराशेवर आला.

मग १९०९ मध्ये तिनं विमा कंपनीला गाठलं. मेट्रोपॉलिटन लाईफ ही कंपनी कामगारांना आठवड्याला काही सेंट हप्त्याचा विमा विकायची. तिचे एजंट हप्ता गोळा करायला दर आठवड्याला चाळी चढायचे. लिलियननं कंपनीतल्या ली फ्रँकेल यांना पटवलं की विमेदार आजारी पडला तर आमची नर्स पाठवा, माणसं कमी मेली तर फायदा तुमचाच आहे. व्यापाऱ्याला व्यापाराच्या भाषेत सांगितलेलं लगेच कळतं. योजना न्यूयॉर्कबाहेर गावोगाव पसरली आणि १९५३ पर्यंत चालली.

लिलियन वॉल्डची गोष्ट सांगताना तिला देवी करायची गरज नाही. १९०६ मध्ये तिनं एलिझाबेथ टायलर या कृष्णवर्णीय नर्सला कामावर घेतलं आणि पगारात भेद केला नाही. त्या काळात हेही धाडसच होतं. पण कृष्णवर्णीय नर्सना प्रामुख्यानं कृष्णवर्णीय वस्तीतच पाठवलं जायचं. गोऱ्या घराचा उंबरठा त्यांच्यासाठी बंद राहिला, आणि लिलियननं ती भिंत फोडली नाही. दुसऱ्या बाजूला, १९०९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी परिषद भरली आणि गोरे-काळे एकत्र येतील अशा स्वागत समारंभाचा प्रश्न आला, तेव्हा हेन्री स्ट्रीटचं जेवणघर तिनंच उघडून दिलं. त्याच परिषदेतून पुढं एनएएसीपी ही संघटना उभी राहिली.

पहिल्या महायुद्धात ती युद्धाच्या विरोधात उभी राहिली. ऑगस्ट १९१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बायकांचा शांतता मोर्चा निघाला त्यातही ती पुढं होती. याची किंमत मोजावी लागली, काही देणगीदारांनी हात आखडता घेतला. १९१८ च्या शरद ऋतूत इन्फ्लुएन्झाची साथ आली आणि न्यूयॉर्कमध्ये २० हजारांहून अधिक माणसं गेली. आधीच कितीतरी नर्स सैन्यासोबत गेलेल्या. तेव्हा शहरातल्या सगळ्या नर्सिंग संस्थांना एकत्र बांधणाऱ्या आणीबाणी समितीची प्रमुख लिलियनच होती. आणि लगेच जानेवारी १९१९ मध्ये सिनेटच्या एका समितीपुढं देशाला घातक विचारांच्या लोकांची यादी वाचली गेली, त्यात तिचंही नाव होतं. तीन महिन्यांपूर्वी जिनं शहर सावरलं तिचंच.

वारं फिरलं होतं. १९१७ च्या कायद्यानं आशियातल्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना बंदी घातली, त्यात आपला भारतही होता. १९२४ मध्ये पूर्व आणि दक्षिण युरोपातून येणाऱ्यांचा आकडा कायद्यानंच आवळला. ज्यांच्यासाठी हेन्री स्ट्रीट उभं राहिलं त्या लोकांचं येणंच आटलं. १९३३ मध्ये तब्येतीमुळं लिलियननं काम सोडलं आणि १ सप्टेंबर १९४० रोजी कनेटिकटमधल्या वेस्टपोर्टला तिचं निधन झालं.

सरकारवर ओझं होणाऱ्याला घ्यायचं नाही हे १८८२ चं कलम मात्र अमेरिकेच्या कायद्यात अजूनही आहे. २०१९ मध्ये सरकारनं त्याचा अर्थ रुंदावला आणि मेडिकेडसारखी आरोग्य योजना वापरणंही ग्रीन कार्डच्या आड येऊ शकेल असा नियम केला. ज्यांना तो नियम लागूही होत नव्हता अशा घरांनीसुद्धा भीतीनं मुलांची नावं योजनांतून काढली. २०२१ मध्ये तो नियम मागे घेतला गेला.

१९४४ मध्ये घरोघरी जाणाऱ्या नर्सचं काम हेन्री स्ट्रीटपासून वेगळं होऊन स्वतंत्र संस्था झाली. तिच्या नर्स आजही न्यूयॉर्कमध्ये अनेक भाषा बोलत लोकांच्या घरी जातात. आणि २६५, हेन्री स्ट्रीटचं ते विटांचं घर तसंच उभं आहे, हेन्री स्ट्रीट सेटलमेंटकडेच. लुडलो स्ट्रीट तिथून चालत थोड्याच अंतरावर. आता तिथं बार आणि महागडी घरं आहेत.